भिजलेल्या कडपांचा धान घ्यावा का?

प्रश्न : आम्ही पवनी तालुक्यातल्या एका गावात राहतो. स्वतःची शेती नाही, हे शाळेत नोकरीला आहेत. दर डिसेंबरात गावातल्याच एका काकाजींकडून ५ क्विंटल एचएमटी (बारीक तांदळाचं वाण) धान घेतो, ढोलीत (धान साठवायच्या मोठ्या कणगीत) भरतो आणि पुढच्या डिसेंबरापासून लागेल तसा भरडून खातो, कारण घरात नवा तांदूळ कोणाला चालत नाही. यंदा ऐन कापणीत पाऊस आला. काकाजींच्या कडपा (कापून शेतात पसरलेला धान) पाच दिवस बांधीत भिजत पडल्या. ते म्हणतात, "सूनबाई, वाळवून चुरला (मळला) आहे, दाणा चांगला आहे, क्विंटलमागे ४०० रुपये कमी द्या." यांचं म्हणणं, घेऊन टाकू, माणूस अडचणीत आहे. सासूबाई म्हणतात, भिजला धान ढोलीत घालायचा नाही, त्यापेक्षा बाजारातून जुना तांदूळ आणा. त्यात मे महिन्यात मुलीचं लग्न आहे, सहाशे पान होईल. काय करावं?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : ताई, काकाजींचा धान घ्या, पण ढोलीत घालू नका. घेतला की लगेच भरडायचा आणि होळीपर्यंत संपवायचा. ढोलीत गेल्या वर्षीचा जो धान आहे तो आता काढू नका, तो लग्नासाठी आणि पुढच्या महिन्यांसाठी राखा. एवढा क्रम उलटा केलात तर बाजारातून महाग जुना तांदूळ आणायची वेळच येणार नाही. पण त्याआधी धान नीट तपासायला हवा आणि भावही पुन्हा मांडायला हवा. ४०० रुपये कमी म्हणजे स्वस्त असं नाही.

वर्ष खराब गेलं म्हणजे सगळ्यांचा धान सारखा खराब झाला असं होत नाही. पाऊस कमी पडला किंवा तुडतुडा लागला तर उतारा घटतो, पोचट दाणा जास्त निघतो. पण तो उफणताना उडून जातो आणि मागे राहिलेला भरलेला दाणा बहुतेक वेळा उत्तम असतो. अशा वर्षीचा धान निर्धास्त घ्यावा. कापणीतला पाऊस मात्र चांगल्या, भरलेल्या, पिकलेल्या दाण्यालाच धरतो, आणि बाहेरून पाहून त्याचा पत्ता लागत नाही. त्यातही हलका (लवकर पिकणारा) धान, मध्यम धान आणि भारी (उशिरा पिकणारा) धान यांच्या कापणीत महिनाभराचं अंतर पडतं. पाऊस आला तेव्हा ज्याचा धान कडपांत होता त्याचं नुकसान सगळ्यात मोठं, लोळलेल्याचं त्याखालोखाल, आणि ज्याचा भारी धान अजून हिरवट उभा होता त्याला पुष्कळदा काहीच झालेलं नसतं. म्हणून ढोलीसाठी लागणारा धान तुमच्याच गावात किंवा शेजारच्या गावात, पावसानंतर आठ-दहा दिवस ऊन पडल्यावर कापलेल्या भारी धानातून शोधा.

काकाजींना आणखी एक गोष्ट विचारा : पाऊस उघडल्यावर कडपा पालटल्या का, की ओल्याच गोळा करून पुंजणे (गंजी) घातले? ओल्या पुंजण्याच्या पोटात धान तापतो. हात घातला तर वाफ लागावी इतका. तापलेला दाणा आतून पिवळा पडतो, आणि ती पिवळी झाक कितीही पॉलिश केलं तरी जात नाही. पाच दिवस भिजून पसरून वाळलेला धान एक वेळ चालेल. तीन दिवस भिजून ओल्यानं पुंजणे लागलेला धान घेऊ नका.

आता दाण्याचं. पिकलेला, वाळत आलेला दाणा पुन्हा ओला झाला की बाहेरचा थर आधी पाणी पितो आणि फुगतो, आतला गाभा तसाच कोरडा राहतो. या ओढाताणीत दाण्याला मधोमध आडवी चीर जाते. मग ऊन, मग पुन्हा पाऊस, मग पुन्हा ऊन. अशा प्रत्येक फेऱ्यात चिरा वाढतात. तुसाच्या आत हे काहीच दिसत नाही. धान पिवळाधमक दिसतो, मुठीत घेतला तर खळखळ वाजतो, आणि मिलमध्ये गेला की कणी होऊन बाहेर पडतो. एचएमटीसारख्या बारीक दाण्याचं हे जास्त होतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांतून निवडून हे वाण उभं केलं ते दाण्याच्या बारीकपणासाठी आणि चवीसाठी. पण बारीक दाणा मोडायला जाड्या दाण्यापेक्षा सोपा, हे त्याच्यासोबत येतंच.

चीर बघायची असेल तर पोत्याच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, अशी तीन ठिकाणांहून मूठ-मूठ धान घ्या, मिसळा आणि त्यातून न निवडता १०० दाणे मोजून काढा. कोरड्या फरशीवर थोडे थोडे दाणे पसरून सायकलच्या स्वच्छ ट्यूबच्या तुकड्यानं हलकेच घासलं की तूस सुटतं. उरलेलं नखानं काढा. जोर देऊ नका, नाहीतर तुम्हीच चिरा पाडाल. मोबाईलची बॅटरी लावून तो पालथा ठेवा, वर काचेची बशी धरा आणि त्यात दाणे ठेवा. चांगला दाणा एकसारखा उजळतो. चिरलेल्या दाण्यात केसासारखी आडवी काळी रेघ दिसते, कधी एक, कधी तीन. सोलताना तुटलेला दाणाही चिरलेल्यातच धरा. शंभरात दहापर्यंत चिरलेले असतील तर धान जवळपास निरोगी समजा. दहा ते तीस असतील तर लगेच खाण्यापुरता घ्यावा. तिसाच्या वर गेले तर तो कणीच्याच भावाचा. हा ढोबळ हिशेब आहे, पण मिलमध्ये जाण्याआधी तो पुष्कळ काही सांगून जातो. याच शंभरात कोंब आलेले आणि पिवळे दाणेही वेगळे मोजून ठेवा, पुढे लागतील.

ओल पाहायची तीही घरीच पाहता येते. चमचाभर मीठ तव्यावर कोरडं करून गार करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिचा एक तृतीयांश भाग भरेल इतका धान आणि ते मीठ घाला, झाकण लावा, दोन-तीन मिनिटं हलवा आणि पाव तास ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धानात साधारण १५ टक्क्यांच्या वर ओल आहे. मीठ मोकळं खाली बसलं तर ठीक. सरकारी खरेदीत १७ टक्के ओलीपर्यंत धान चालतो, पण तो लगेच भरडाईला जातो. ढोलीत वर्षभर राहायचा धान १२ ते १३ टक्क्यांवर यायला हवा.

एवढ्यात पास झाला तर एक पोतं, म्हणजे ४० किलो, पैसे देऊन घ्या आणि भरडून आणा. मिलवाल्याला सांगा की पॉलिश कमी ठेव आणि कणी चाळून वेगळी काढू नको, सगळं एकत्र दे. घरी आणून एकूण तांदूळ तोला. मग त्यातले १०० ग्रॅम काट्यावर घ्या आणि परातीत अख्खे व कणी वेगळे करा. पाऊण दाणा शिल्लक असेल तर तो अख्ख्यात. मग दोन्ही वाट्या तोला. तासाभराचं काम आहे, पण याशिवाय भाव ठरवता येत नाही.

तो असा. समजा कोरड्या, चांगल्या धानाचा भाव क्विंटलला २८०० रुपये आहे आणि काकाजी २४०० म्हणतात. (तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, ते घालून मांडा.) चांगल्या धानाच्या एका क्विंटलमधून ६५ किलो तांदूळ निघाला, त्यात ५५ किलो अख्खा आणि १० किलो कणी. कणी २० रुपये किलोनं धरली तर २०० रुपये वजा होतात. २६०० रुपयांत ५५ किलो, म्हणजे अख्खा तांदूळ किलोला साधारण ४७ रुपयांना पडला. भिजलेल्या धानातून समजा ६२ किलो निघाला, अख्खा ३५ आणि कणी २७. कणीचे ५४० वजा करा. १८६० रुपयांत ३५ किलो, म्हणजे किलोला ५३ रुपये. ४०० रुपये कमी देऊनही तुम्हाला तो महागच पडला. चांगल्या धानाशी बरोबरी व्हायला हवी तर भाव २२०० च्या आसपास यायला हवा. भरडाईचा खर्च दोन्हीकडे सारखा, तो मी धरला नाही.

हा हिशेब काकाजींशी घासाघीस करण्यासाठी नाही. त्यांनी रोवणीपासून सगळा खर्च केलेला आहे आणि पावसानं तोंडचा घास नेला. पण भाव अंदाजानं ठरला तर दोघांपैकी एकाच्या मनात राहतं. कदाचित त्यांच्या धानातून ४३ किलो अख्खा निघेल आणि मग त्यांनी मागितलेले २४०० वाजवीच ठरतील. तसं झालं तर ते द्या.

ढोलीत का नको, हे आता सासूबाईंच्या बाजूनं. तांदूळ जुना होतो म्हणजे नुसता पडून राहत नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दाण्यातलं पीठ आणि प्रथिनं घट्ट होत जातात. दाणा पाणी जास्त पितो, लांब फुलतो आणि भात मोकळा होतो. नव्याच्या एका वाटीला दोन वाट्या पाणी पुरतं, वर्षाच्या जुन्याला अडीच लागतं. पण हे सगळं अख्ख्या, कोरड्या दाण्यात होतं. चिरलेल्या दाण्यातून शिजताना पीठ पाण्यात उतरतं आणि भात गिच्च होतो. चीर वर्षानं भरून येत नाही. कोंब फुटायला लागलेल्या दाण्यात तर पिठाची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. तो भात गोडसर, चिकट लागतो आणि ठेवला की बिघडतच जातो. त्यात तूस उकललेल्या दाण्यात कोंड्याचं तेल हवेला लागून खवट होतं आणि सोंडे व पतंगही अशाच दाण्यात आधी शिरतात. उकललेलं तूस म्हणजे त्यांना उघडं दार. असा धान चांगल्या धानावर ओतला तर गेल्या वर्षीचाही जाईल.

पिवळे आणि कोंबाचे दाणे मिळून शंभरात पाचाच्या वर असतील तर खाण्यापुरताही घेऊ नका. आणि बुरशीच्या बाबतीत आकडाच नाही. पोत्यात हात घालून मूठ नाकाशी धरा. कुबट, ओल्या मातीसारखा वास आला, दाण्यावर हिरवी-काळी पूड दिसली, तर भाव कितीही असो, परत फिरा. ॲस्परजिलस बुरशी जे अफ्लाटॉक्सिन सोडते ते धुतल्यानं जात नाही, शिजवल्यानं जात नाही, उन्हानं बुरशी मेली तरी विष दाण्यात राहतं. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ होऊन शंभरावर माणसं दगावली. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली, तिथे विष दुसऱ्या बुरशीचं होतं. धानाला तुसाचं कवच असतं म्हणून हा धोका मक्यापेक्षा कमी, पण कवच उकललं की तो येतोच. असा धान म्हशीलाही घालू नका. ते विष दुधातून घरातच परत येतं. कोंबड्यांना तर त्याहून वाईट.

तुमच्या घरचा मेळ आता मांडू. वर्षाला ५ क्विंटल धान म्हणजे सव्वातीनशे किलो तांदूळ, महिन्याला सुमारे २७ किलो. काकाजींकडून दीड क्विंटल घ्या. कणीसकट ९३ किलो मिळतील, म्हणजे साडेतीन महिने, मार्चच्या मध्यापर्यंत. लग्नाला माणशी १०० ते ११० ग्रॅम कच्चा तांदूळ धरला तर सहाशे पानांना ६६ किलो अख्खा तांदूळ लागेल, त्यासाठी ढोलीतला सव्वा क्विंटल धान काढावा लागेल. तो एप्रिलच्या शेवटी भरडा, कणी पूर्ण चाळून घ्या. तेव्हा तो जवळजवळ दीड वर्षाचा असेल, आचारी खूश होईल. त्याला आधी अर्धा किलो शिजवून पाण्याचं माप ठरवायला सांगा. ढोलीत पावणेचार क्विंटल उरेल, तो मार्चपासून डिसेंबरपर्यंत नीट पुरतो. आणि ढोली रिकामी होत जाईल तसा पुढच्या वर्षीसाठी तो न भिजलेला भारी धान वेगळ्या कोठीत भरा. ५ क्विंटल मिळाला तर उत्तम, तीनच मिळाला तर तीन. पुढच्या वर्षी दोन-तीन महिने नवा खावा लागला तरी चालेल, पण जागा भरायची म्हणून शंकेचा धान घालू नका.

भिजलेल्या धानाचा तांदूळ रोज कसा शिजवायचा हेही सांगतो, कारण पहिल्या दिवशी घरात कुरकुर होणारच. तीन-चार पाण्यांनी धुवा, सुटं पीठ जाऊ द्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात शिजवा आणि दाणा नव्वद टक्के शिजला की पेज गाळा. कुकरमध्ये मोजून पाणी घालून केलात तर लगदा होईल. वेगळी निघालेली कणी आयत्यांना (तांदळाच्या धिरड्यांना) उत्तम, कारण पीठ लवकर भिजतं आणि जाळी चांगली पडते. पापडांनाही चालते.

चिरलेला पण पांढरा, वास नसलेला धान जास्तच असेल तर उकडा करणं हा एक मार्ग आहे. धान रात्रभर भिजवून, तूस फुटेपर्यंत वाफवून सावलीत वाळवला की आतलं पीठ शिजून चिरा सांधल्या जातात आणि मिलमध्ये दाणा अख्खा निघतो. पिवळेपणा आणि वास मात्र त्यानं जात नाहीत, उलट गडद होतात. आणि तुमच्या घरी उकड्याची सवय नसेल तर ५० किलोच्या वर करू नका.

सासूबाईंचा बाजारच्या जुन्या तांदळाचा आग्रह कायम राहिलाच तर पाव किलो आणून आधी शिजवा. एक वाटीला अडीच वाट्या पाणी घालून भात मोकळा राहिला तर ठीक. पातळ झाला तर तो नवा आहे, लेबल काहीही असो. "स्टीम" म्हणून मिळणारा तांदूळ वाफ देऊन घट्ट केलेला असतो. तो मोकळा शिजतो आणि खायला वाईट नाही, पण जुन्याचा भाव त्याला देऊ नका.

काकाजींचा धान घरी आला की भरडेपर्यंतचे दोन-चार दिवसही तो पोत्यात बांधून ठेवू नका. सावलीत चटईवर चार बोटं जाड पसरा, तासातासानं हात फिरवा. रस्त्याच्या डांबरावर किंवा भर दुपारी सिमेंटच्या गच्चीवर नको, झपाट्यानं वाळतानाही दाणा चिरतो. ढोलीचा नवा धान भरताना खाली फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर उचला आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. बोरिक पावडर खायच्या धान्याला लावू नका. धुरीच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात अजिबात नको. त्यातून निघणाऱ्या वायूनं झोपेत माणसं जातात. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातल्या कडक उन्हात ढोली एकदा रिकामी करून धान सकाळच्या वेळी ऊन दाखवा आणि गार झाल्यावरच परत भरा. यंदा त्याच महिन्यात लग्न आहे, तर हे काम एप्रिलमध्ये, लग्नाचा धान भरडायला काढाल त्याच दिवशी उरकून घ्या.